हात वर करण्याआधी आणि केल्यानंतर : ग्रामसभेचा निर्णय नेमका कुठे होतो?

ग्रामसभेत दोन तास वाद होतो, आवाज चढतात, कोणीतरी खुर्ची सरकवून तरातरा निघून जातो, शेवटी 'मंजूर, मंजूर' असा गलका होतो आणि चहा येतो. सहा महिन्यांनी पाहावे तर गटार उघडी ती उघडीच. मग पंचायतीच्या पायरीवर ठरलेले बोलणे होते. "ठराव झाला होता ना?" "झाला होता की." "मग?" यापुढे कोणाकडे उत्तर नसते.

बहुतेक वेळा उत्तर असे असते की ठराव झालाच नव्हता, फक्त चर्चा झाली होती. किंवा ठराव झाला, पण प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, 'गटारीबाबत चर्चा करण्यात आली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले' एवढीच ओळ उतरली. त्या ओळीवर कोणी रुपया खर्च करू शकत नाही आणि कोणाला जाबही विचारता येत नाही.

प्रत्यक्ष सभेच्या दिवशी गावकऱ्याच्या हातात फार थोडे असते. निर्णय घडतो तो सभेआधीच्या पंधरवड्यात, विषयपत्रिका तयार होताना. आणि तो टिकतो की विरघळतो हे ठरते सभेनंतर, प्रोसिडिंग लिहिले जाताना. या दोन जागा ज्याला कळल्या, त्याला सभेत ओरडावे लागत नाही.

सभासद कोण

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रातले रोजचे कामकाज मात्र महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्याने चालते. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. त्यासाठी वेगळी नोंदणी नाही, वर्गणी नाही. निवडून आलेले पंच म्हणजे ग्रामपंचायत, आणि सगळे मतदार मिळून ग्रामसभा. दर महिन्याला होते ती पंचांची मासिक सभा. तिच्यातला ठराव हा ग्रामसभेचा ठराव नव्हे. कागद दाखवून 'हा बघा ठराव' असे कोणी म्हटले, तर वर 'मासिक सभा' लिहिले आहे की 'ग्रामसभा', ते आधी पाहावे.

घरपट्टी थकली असेल तर सभेत बोलता येत नाही, असे अनेक गावांत छातीठोकपणे सांगितले जाते. कायद्यात असे काही नाही. थकबाकी आड येते ती पंच म्हणून निवडणूक लढवताना. सभासदत्व मतदार यादीवर ठरते, पट्टीच्या पावतीवर नाही.

खरी अडचण वेगळीच असते. लग्न होऊन गावात आलेल्या बाईचे नाव वर्षानुवर्षे माहेरच्या यादीत पडून राहते. ती इथे राहते, इथले पाणी भरते, पण इथल्या ग्रामसभेत तिचा हात मोजता येत नाही. पत्ता बदलण्यासाठी मतदार नोंदणीचा नमुना ८ भरायचा असतो. बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन, दोन्ही चालते. नवमतदारासाठी नमुना ६. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते, त्यामुळे तिथे दुरुस्ती झाली की इथे होते.

आपले गाव नगरपंचायत झाले असेल, तर ग्रामसभा संपली. तालुक्याच्या अनेक गावांना हे उशिरा कळले. पाट्या बदलल्या, पट्टी वाढली, आणि गावाने एकत्र बसून ठराव करण्याची कायदेशीर जागाही गेली. शहरात तिला तोडीस तोड काही नाही. तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे घटना सांगते, पण त्यात सामान्य मतदाराला हात वर करता येत नाही. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते. तो चांगला प्रकार आहे, पण ती सूचना असते, ठराव नसतो. गोव्यात ग्रामसभा १९९४ च्या पंचायत राज कायद्याने चालते आणि नियमित सभा रविवारी घेतात. नोकरदार माणूस येऊ शकतो, म्हणून तिथल्या सभा गजबजलेल्या असतात. सभेचा वार हासुद्धा एक निर्णयच असतो.

नोटीस, कोरम आणि तहकुबीचा खेळ

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सर्वांच्या ओळखीच्या तारखा. पुरेसे कारण नसताना सभा टाळली तर सरपंच आणि त्यांच्या गैरहजेरीत उपसरपंच यांचे पद जाऊ शकते. कारण पुरेसे होते की नाही, याचा निवाडा जिल्हाधिकारी करतात. म्हणूनच 'सभा झाली' असे कागदावर दाखवण्याची घाई पंचायतीला असते. ती घाई ओळखून वागावे.

सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघायला हवी, विशेष सभेची चार दिवस आधी. नोटीस म्हणजे पंचायतीच्या फलकावरचा कागद आणि दवंडी. आता तिच्या जोडीला व्हॉट्सअॅप गटही असतो. फलकावर नोटीस दिसली की तारखेसह फोटो काढून ठेवावा. सभेच्या आदल्या रात्री चिकटवलेली नोटीस पुढे 'आठ दिवसांपूर्वीच लावली होती' अशी सांगितली गेली, तर तेव्हा हा फोटो उपयोगी पडतो.

कोरमचा, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीचा, नियम असा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी ती. चारशे मतदारांच्या गावाला ६० माणसे लागतात. तीन हजारांच्या गावाला १५ टक्क्यांप्रमाणे ४५० झाली असती, पण शंभर पुरतात. हिशेब केला तर साधारण ६६७ मतदारांच्या वरच्या प्रत्येक गावाला शंभरच लागतात, मग गाव कितीही मोठे असो. म्हणजे गाव जितके मोठे, तितकी एका छोट्या संघटित गटाची ताकद जास्त. याचा फायदा कोणीही घेऊ शकतो, तुम्हीसुद्धा.

कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते. पुन्हा भरलेल्या तहकूब सभेला कोरमची अट नसते. पंधरा माणसांतही ठराव मंजूर होतो आणि तो तितकाच कायदेशीर असतो. मुद्दाम शेतीच्या ऐन घाईतली वेळ निवडायची, पहिली सभा माणसांअभावी तहकूब होऊ द्यायची आणि दुसऱ्या वेळी आपल्या माणसांत विषय मार्गी लावायचे, हा जुना डाव आहे. त्यावर उपाय दोन. पहिल्या सभेला कोरम भरेल इतकी माणसे आणायची. ते जमले नाही, तर तहकूब सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण तिथल्या तिथे मोठ्याने वदवून घ्यायचे, आणि त्या सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घुसला तर लगेच हरकत घ्यायची.

हजेरीचे रजिस्टर हा आणखी एक कच्चा दुवा. सभेआधी किंवा नंतर शिपाई घरोघरी जाऊन सह्या गोळा करतो. सही मागितली की माणूस भिडेपोटी करतो. त्या सहीचा अर्थ 'मी सभेला होतो आणि हे ठराव माझ्यासमोर झाले' असा होतो. सभेला न गेलेल्याने रजिस्टरवर सही करू नये, एवढा एक नियम गावाने पाळला तरी निम्मे खोटे कोरम मोडतील.

गट ग्रामपंचायत असेल, म्हणजे दोन-तीन गावे किंवा वाड्या मिळून एक, तर सभा आळीपाळीने घ्यावी. दर वेळी मोठ्याच गावात सभा होत असेल तर लहान वाडीने तसा लेखी अर्ज द्यावा. पाच किलोमीटर चालत येऊन कोरमला हातभार लावणे पंच्याहत्तरीच्या म्हातारीला शक्य नसते.

विषय पत्रिकेवर कसा चढवायचा

विषयपत्रिका सरपंचांच्या संमतीने ग्रामपंचायत अधिकारी तयार करतात. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे २०२४ मध्ये एकत्र करून हे नाव दिले गेले. गावात अजून 'ग्रामसेवक'च म्हणतात आणि सगळ्यांना समजते.) पत्रिकेच्या शेवटी नेहमी एक ओळ असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. गावकऱ्यांचे बहुतेक प्रश्न या ओळीत ढकलले जातात. सभा तोवर अर्धी पांगलेली असते, आणि परवानगी देणे न देणे अध्यक्षांच्या हातात. म्हणून विषय ऐनवेळवर सोडू नये.

सभेच्या किमान पंधरा दिवस आधी, म्हणजे नोटीस निघण्यापूर्वी, लेखी अर्ज द्यावा. एका अर्जात एकच विषय. दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. 'ठेवून जा, बघतो' असे उत्तर मिळाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि एक प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना द्यावी. अर्जावर एकट्याची सही असेल तर विषय तुमचा राहतो. गल्लीतल्या वीस जणांची असेल तर तो गल्लीचा होतो, आणि तुमच्यावर वैयक्तिक राग धरणेही अवघड जाते. गावात राहायचे तर हेही पाहावे लागते.

अर्जात 'गटारीची समस्या सोडवावी' असे लिहू नये. शेवटी ठरावात जे शब्द हवे आहेत, तेच अर्जात लिहावेत. ते कसे, हे पुढे येते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचे नाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या घोषणेपेक्षा त्यांच्या अभ्यास गटाकडे पाहावे. एखादा विषय सभेत येण्याआधी तिथे गट बसून त्याची माहिती काढतो, कायदा समजून घेतो, बाहेरच्या जाणकाराला विचारतो. मग सभा सर्वसहमतीने निर्णय घेते, हात मोजून नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, ते या सवयीमुळे. प्रत्येक गावाला सर्वसहमती जमेलच असे नाही. चार माणसांनी सभेआधी दोन संध्याकाळी बसून कागद वाचणे मात्र कुठेही जमते.

पैसा कोणत्या खिशातला

सभेत सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या खिशातून पैसे मागण्यात. पंचायतीकडे पैसा आहे, पण तो वेगवेगळ्या पिशव्यांत बांधलेला आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने (काळ २०२०-२१ ते २०२५-२६) दिलेल्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित होता: निम्मा पिण्याचे पाणी, पाऊस साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पण पगार आणि आस्थापनेवर तोही खर्च करता येत नव्हता. महाराष्ट्रात या निधीचे वाटप ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के असे होते. बंधित पैशातून मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक मागितले तर सरपंच मनात आणूनही देऊ शकत नाहीत. सांडपाण्याची गटार मात्र स्वच्छतेच्या पिशवीत बरोबर बसते. मागणी तीच, पण पिशवीचे नाव बरोबर घेतले तर 'निधी नाही' हे उत्तर देता येत नाही. वित्त आयोग बदलला की टक्केवारीही बदलते, तेव्हा चालू वर्षाचे आकडे पंचायतीतून घ्यावेत.

पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार कर, गाळ्यांचे भाडे, यातही राखीव हिस्से आहेत. १० टक्के महिला व बालकल्याण, १५ टक्के मागासवर्गीय वस्ती व व्यक्ती, ५ टक्के दिव्यांग. हे हिस्से खर्च न होता साठत जातात, किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात काहीतरी खरेदी करून संपवले जातात. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. त्या सभेत विचारावे : स्वउत्पन्न किती जमा झाले, त्याचे पाच टक्के किती होतात, दिव्यांगांवर प्रत्यक्षात किती खर्च झाला, बाकी किती? चार आकडे मागायचे, मत मागायचे नाही. आकड्याला 'बघू' असे उत्तर देता येत नाही.

वेळेचे गणितही महत्त्वाचे. गावाचा वार्षिक विकास आराखडा, ज्याला आपल्याकडे 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणतात, तो पुढच्या आर्थिक वर्षासाठी असतो. त्याची मोहीम २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि थंडी संपेपर्यंत आराखडा ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर चढतो. जे काम आराखड्यात नाही त्यावर वित्त आयोगाचा पैसा टाकता येत नाही. म्हणजे मे महिन्यात हंडा घेऊन सभेत येणारी बाई खरे तर मागच्या ऑक्टोबरात यायला हवी होती. हे तिला कोणी सांगत नाही, आणि ऑक्टोबरात विहिरीला पाणी असते.

हिवरे बाजारची ग्रामसभा दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, हे सभेत ठरते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे निर्बंध तिथे टिकले. समोर मोजलेला आकडा असला की भावकीचे राजकारण जरा गप्प बसते.

ठरावाची भाषा

समजा, विषय गटारीचाच आहे. चांगल्या ठरावात सहा गोष्टी असतात: जागा, माप, निधी, वर्ष, जबाबदार व्यक्ती, मुदत. असा :

'वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा या रस्त्याच्या पूर्व बाजूस अंदाजे १८० मीटर लांबीची बंदिस्त गटार करण्याचे काम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात स्वच्छतेच्या बंधित निधीतून समाविष्ट करावे. ग्रामपंचायत अधिकारी यांनी ३० दिवसांत शाखा अभियंत्यांकडून अंदाजपत्रक मागवावे व पुढील ग्रामसभेत सादर करावे.'

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे, आणि 'सर्वानुमते' किंवा 'बहुमताने' हा शब्द. मतभेद असतील तर हात मोजून आकडे लिहून घ्यावेत: बाजूने इतके, विरोधात इतके, तटस्थ इतके. विरोध असणाऱ्याने 'माझा विरोध कारणासह नोंदवून घ्या' असे स्पष्ट सांगावे. नोंद झाली नाही तर पुढे तो 'सर्वानुमते'मध्ये मोजला जातो.

'पुढील ग्रामसभेत सादर करावे' हे शेवटचे चार शब्द मोलाचे आहेत. त्यांच्यामुळे विषय पुढच्या पत्रिकेवर आपोआप येतो, पुन्हा अर्ज करावा लागत नाही.

काम अडते ते बहुधा ठरावानंतरच्या तीन कारणांनी. जागा खासगी निघते आणि मालकाची लेखी संमती किंवा बक्षीसपत्र नसते. रस्ता पंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, चढलेलाच नसतो, म्हणून त्यावर खर्च मंजूर होत नाही. किंवा अंदाजपत्रकच झालेले नसते. तिन्ही गोष्टी सभेआधी तपासता येतात. नमुना २३ चा उतारा मागायला फार तर एक चक्कर पडते.

घरकुलाच्या यादीचा ठराव वेगळ्या काळजीने हाताळावा. सभेत नावे एकेक करून, प्राधान्यक्रमाच्या आकड्यासह वाचून दाखवायला लावावीत. 'यादी सर्वांना माहीतच आहे, मंजूर समजा' या वाक्यावर हात वर करू नये. कोणाचे नाव अपात्र म्हणून वगळायचे असेल, तर त्याचे कारण ठरावात लिहिलेच पाहिजे. कारण नसलेले वगळणे अपिलात टिकत नाही, आणि ज्याचे नाव उडाले त्याला अपील करायचे असते हेही माहीत नसते.

सभा संपण्यापूर्वी 'आज झालेले ठराव वाचून दाखवा' ही मागणी दर वेळी करावी. अनेक ठिकाणी सभेत खाली सह्या घेतल्या जातात आणि वरचे पान नंतर भरले जाते. वाचून दाखवल्यावर, ठराव क्रमांक टिपून घेऊन, मग सही करावी. जमल्यास त्या पानाचा फोटो घ्यावा. दोन-चार दिवसांनी ठरावाच्या नकलेसाठी अर्ज द्यावा. नक्कल हातात आली की मगच ठराव झाला असे समजावे.

महिला सभा आणि आडवी बाटली

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभासदांची वेगळी सभा घेणे कायद्याने ठरवून दिले आहे. प्रत्यक्षात ती सकाळी अर्ध्या तासात, ध्वजारोहणासाठी आलेल्या अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायकांच्या सह्यांवर उरकली जाते. ही सभा आदल्या दिवशी, दुपारी तीन-चारच्या सुमारास, म्हणजे शेतावरची आणि चुलीची कामे यांच्यामधल्या वेळेत ठेवली तर तिच्यातून खरे ठराव निघतात. ते ठराव दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत विषय म्हणून वाचले जावेत, हेही पत्रिकेत लिहून घ्यावे. पाणवठ्याची वेळ, शौचालयाचा रस्ता, बंद पडलेला पथदिवा हे विषय पुरुषांनी भरलेल्या सभेत शेवटी येतात, इथे पहिले येतात.

दारूबंदीची प्रक्रिया मात्र ग्रामसभेच्या साध्या बहुमतावर थांबत नाही. २००८ च्या राज्य सरकारच्या आदेशानुसार गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी परवानाधारक दुकान बंद करण्याची लेखी मागणी करायची. उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो, मग गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या. आडवी बाटली जिंकायला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, झालेल्या मतदानाच्या निम्मी नाहीत. खरी अडचण इथेच येते. ८०० महिला मतदारांच्या गावात ४५० जणींनी मतदान केले आणि त्यांतल्या ३९० जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच राहते, कारण ४०१ हव्या होत्या. घरी बसलेली प्रत्येक बाई प्रत्यक्षात उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. म्हणून या मोहिमेत भाषणांपेक्षा मतदानाच्या दिवशी परगावच्या लेकी-सुनांना आणायला गाडी कोण देणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सह्यांच्या टप्प्यावरही अर्ज बाद होतात. यादीतले नाव 'सुमन' आणि सही 'सुमनबाई', किंवा एकाच हाताने केलेल्या दहा सह्या. मतदार यादीचा अनुक्रमांक प्रत्येक सहीसमोर लिहावा, म्हणजे पडताळणी सोपी जाते.

ग्रामसभेला काय ठरवता येत नाही

दोन भावांच्या बांधाचा वाद, कोर्टात चाललेले प्रकरण, कोणाच्या खासगी जमिनीतून रस्ता काढणे, हे ग्रामसभेच्या अखत्यारीत येत नाही. असा ठराव कितीही हात वर करून झाला तरी त्याला कागदाइतकीही किंमत नाही. एखाद्या कुटुंबाशी बोलायचे नाही, दळण दळून द्यायचे नाही असे गावाने ठरवले, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. 'गावाने ठरवले' हा बचाव तिथे चालत नाही.

याच्या उलट, कायद्याची सक्ती नसतानाही ग्रामसभेचा ठराव किती लांब जाऊ शकतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने दाखवले. पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद कराव्यात, असा ठराव त्या गावाने मे २०२२ मध्ये केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. त्या ठरावात शिक्षा नव्हती, दंड नव्हता. म्हणूनच तो टिकला असावा.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागात, चित्र पुष्कळ वेगळे आहे. १९९६ चा पेसा कायदा (अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा केंद्राचा कायदा) आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांमुळे राज्यातल्या १३ जिल्ह्यांच्या अनुसूचित भागांत एखादा पाडासुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के अबंध निधी थेट या गावांसाठी येतो. तिथल्या ग्रामसभेला गौण खनिज, गौण वनोपज आणि भूसंपादन या विषयांत बोलण्याचा जो अधिकार आहे, तो सांगली-साताऱ्याच्या ग्रामसभेला नाही. त्यामुळे एका भागातले उदाहरण दुसऱ्या भागात जसेच्या तसे लावू नये.

ठरावानंतर

नक्कल मिळाली, काम आराखड्यात आले. आता दर दोन महिन्यांनी ई-ग्रामस्वराजवर आपल्या पंचायतीचे पान उघडून पाहावे. त्याला लॉगिन लागत नाही. आराखड्यातली कामे आणि झालेला खर्च, दोन्ही तिथे दिसतात. पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय निघत नाहीत. एकाची 'चावी' दुसऱ्याच्या कपाटात असेल तर ते गावाने विचारण्यासारखे आहे.

काम झाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, फी १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. मागायचे ते चारच कागद: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पाने, आणि देयक दिल्याची रोकडवहीतील (नमुना ५) नोंद. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिले तर 'माहिती मोघम आहे' म्हणून अर्ज परत येतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा अर्धवट आले, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे. त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

मोजमाप पुस्तिकेची पाने हातात आली की चार जणांनी टेप घेऊन जागेवर जावे. पुस्तिकेत १८० मीटर लिहिले आहेत आणि टेप १५५ वर थांबतो. भिंतीची जाडी अंदाजपत्रकात १५ सेंटिमीटर आणि प्रत्यक्षात १०. अशा दोन ओळी तारीख, फोटो आणि उपस्थितांच्या सह्यांसह लिहून गटविकास अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्याव्यात, आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज पंचायतीत द्यावा : 'पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी'.